जुलैत बेसमेंटची खिडकी उघडू नका

न्यू जर्सीत घर घेतलेल्या आपल्या मुलांचे फोन मला मेच्या शेवटापासून यायला लागतात. शाळा कुठली चांगली, भाजी कुठे ताजी मिळते, लॉन कोण कापून देतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. काकूला विचारायचं उरतं ते बेसमेंटचं. "काकू, खाली उतरलं की कुबट वास येतो. सकाळपासून सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्यात, तरी जात नाही."

उघड्या टाकल्यात म्हणूनच जात नाही.

हवा खेळती ठेवा, हे आपल्या आयांनी आपल्या हाडात मुरवलंय. चिपळूणला, सावंतवाडीला, पुण्याच्या वाड्यातसुद्धा ते खरं होतं. तिथली भिंत आणि तिथली हवा जवळपास एकाच तापमानाची. वारा फिरला की ओल सुकते, ऊन पडलं की गाद्या गच्चीवर टाकता येतात. इथलं बेसमेंट सात-आठ फूट जमिनीत गाडलेलं. बाहेर जुलैचं ऊन भाजत असतं तेव्हा खालची भिंत आणि फरशी साठ-पासष्ट अंशांवर गार असतात. (अंश सगळे इथलेच, फॅरनहाइट.) त्या गार भिंतीला बाहेरची दमट हवा लागली की काय होतं, ते थंड ताकाचा पेला उन्हाळ्यात ओट्यावर ठेवून बघा. पेल्याला बाहेरून घाम फुटतो. तो ताकातून झिरपलेला नसतो, हवेतून आलेला असतो.

आकड्यांत सांगते, म्हणजे इंजिनिअर मंडळींचं समाधान होईल. बाहेर 86 अंश आणि हवेतली आर्द्रता 60 टक्के, अशी दुपार इथे जुलैत काही विशेष नाही. ती हवा साधारण 71 अंशांपर्यंत गार झाली की पाणी सोडायला लागते. तुमची भिंत आहे 65 वर. म्हणजे खिडकीतून आत आलेली हवा भिंतीवर सरळ पाणी ठेवते. बरं, तो दिवस सोडा. 75 अंशांचा, अंगाला सुखद वाटणारा, 60 टक्क्यांचा दिवस घ्या. तीच हवा खाली जाऊन 65 अंशांची झाली की तिची आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास जाते. भिंतीवर थेंब दिसत नाहीत, पण बुरशीला तेवढं पुष्कळ झालं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए म्हणते की घरातली आर्द्रता 60 च्या खाली असावी, जमलं तर 30 ते 50 मध्ये. मी बेसमेंटपुरता एकच आकडा सांगते: 50. त्याच्या वर धुळीतल्या बारीक किड्यांचं फावतं, आणि दम्याच्या माणसाला ते आधी कळतं.

तर पहिला कानमंत्र हा. मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत बेसमेंटच्या खिडक्या बंद. ऑक्टोबरात कोरडी, गार हवा सुटली की उघडा, हवं तर दिवसभर उघडा.

दुसरा कानमंत्र पैसे वाचवणारा आहे. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, घेण्याआधी मीटर घ्या. आर्द्रता आणि तापमान दाखवणारा छोटा डिजिटल मीटर दहा-पंधरा डॉलरना मिळतो. दोन घ्या, एक खाली आणि एक वर. पण हे स्वस्त मीटर चार-पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून आल्या आल्या त्यांची परीक्षा घ्यायची. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका. ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. झाकण आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. अशा मिठाच्या सोबतीला बंद हवेची आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, मिठाचा ब्रँड कुठलाही चालतो. सकाळी मीटर 71 दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात नेहमी 4 मिळवायचे. मीटरच्या पाठीवर तसं लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभरात मिळवायचे की वजा करायचे यावरून नवरा-बायकोचं भांडण.

मीटर 70 दाखवतोय म्हणून लगेच दुकानात पळू नका. पाणी कुठून येतंय ते बघायचं राहिलं. बेसमेंटमध्ये ओल दोन वाटांनी येते. एक हवेतून, तिचं वर सांगितलं. दुसरी जमिनीतून, भिंत आणि फरशी यांच्यातून झिरपून. डीह्युमिडिफायर पहिलीवर चालतो. दुसरीवर लावला तर तो आयुष्यभर तुमच्या अंगणातली माती वाळवत बसेल आणि बिल तुम्ही भराल.

कुठली वाट आहे ते ओळखायला स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल पुरतो. दीड फूट लांब-रुंद तुकडा बाहेरच्या बाजूच्या काँक्रीट भिंतीवर लावा, चारही कडा टेपने पक्क्या बंद करा. दुसरा तुकडा फरशीवर. दोन दिवसांनी बघा. फॉइलची तुमच्याकडची बाजू ओली असेल तर ओल हवेतली आहे. सोडवून पाहिल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या असणारी घरंही असतात, आणि ती जास्त करून जुनी असतात. शिवाय भिंतीला लोणा लागलाय का बघा. पांढरी, भुरभुरीत, बोटाने झडणारी पूड दिसली तर ते पाण्याने काँक्रीटमधून बाहेर आणलेले क्षार आहेत. भिंतीतून पाण्याची ये-जा आहे हे लोण्याइतकं स्पष्ट कोणी सांगत नाही. घर बघायला जाल तेव्हाही हे लक्षात ठेवा. बेसमेंटच्या भिंतीला तळाशीच फूट-दीड फूट ताजा रंग दिसला, तर विकणाऱ्याला तो का दिला ते विचारा.

जमिनीतून येणाऱ्या पाण्याचा उगम बहुतेक वेळा जमिनीत नसतो, छपरावर असतो. 1,000 चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे 620 गॅलन पाणी गोळा होतं, म्हणजे 2,300 लिटरच्या वर. ते पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून खाली येतं. पन्हळ मेपलच्या पानांनी तुंबलेली असली किंवा पाइपाचं तोंड भिंतीच्या बुडाशीच उघडत असलं, की ते सगळं पाणी घराच्या पायाजवळ ओतलं गेलं म्हणून समजा. चांगलं मोठं डीह्युमिडिफायर दिवसाला साधारण 24 लिटर पाणी ओढतं. हिशेब करा: एका इंचाच्या पावसाला यंत्राचे शंभर दिवस. तेच काम पाइपाला जोडलेली पाच-सहा फुटांची प्लास्टिकची नळी विजेशिवाय करते. होम डेपोत ती पंधरा-वीस डॉलरना मिळेल आणि बसवायला स्क्रू-ड्रायव्हर पुरे.

त्यानंतर मातीचा उतार. घराच्या भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच तरी खाली उतरायला हवी; बांधकामाचे नियमही हेच सांगतात. आपले लोक उलट करतात. भिंतीला लागून गुलाब आणि जास्वंद लावतात, बाजूने विटांची सुंदर कड बांधतात, आणि रोज संध्याकाळी पाणी घालतात. विटांच्या त्या कडेने पाणी आत अडतं. फुलझाडं हवीत तर चार फूट पुढे लावा. कपडे वाळवायच्या मशीनचा पाइप भिंतीतून घराबाहेर गेलाय का, मधेच सुटून बेसमेंटमध्येच वाफ सोडतोय का, हेही एकदा हात मागे घालून बघा. आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलंच तर पहिल्याच भेटीत सही करू नका. फरशी फोडून आतून चर काढायचा खर्च हजारो डॉलर असतो. काही घरांना तो खरोखर लागतो. पन्हळ साफ करून, नळी लावून, दोन मोठे पाऊस बघूनही पाणी आलं तर मग त्याचा विचार.

आता यंत्र. आत काय असतं ते समजलं की निम्मे प्रश्न उरत नाहीत. पंखा खोलीतली हवा ओढतो, ती बर्फासारख्या गार नळ्यांवरून जाते, तिथे पाणी सुटून बादलीत पडतं. मग तीच हवा गरम नळ्यांवरून बाहेर पडते. म्हणजे बाहेर येणारी हवा कोरडी आणि थोडी ऊन असते. "काकू, यंत्र बिघडलंय, गरम हवा टाकतंय" असा फोन दर वर्षी कोणी ना कोणी करतंच. बिघडलेलं नाही. ते एसी नाही.

किती मोठं घ्यायचं? दुकानात मापं पाइंटमध्ये असतात. पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी. इथे एक गोंधळ आहे तो नीट समजून घ्या. जून 2019 पर्यंत ही यंत्रं 80 अंशांच्या उबदार खोलीत तपासून त्यांचं माप ठरवत. बेसमेंट कधी 80 अंशांचं असतं का? म्हणून सरकारने तपासणी 65 अंशांवर आणली. गार हवेतून पाणी कमी निघतं, त्यामुळे पूर्वी 70 पाइंटचं म्हणून विकलं जाणारं यंत्र आता 50 चं म्हणून विकलं जातं. यंत्र साधारण तेच, आकडा खरा झाला. तेव्हा शेजारचे जुने आजोबा "70 चंच घे" म्हणाले तर 50 चं घ्या, दोघांचंही बरोबर आहे. माझं मत विचाराल तर हजार चौरस फुटांच्या वरच्या बेसमेंटला थेट 50 चंच घ्यावं. लहान यंत्र स्वस्त पडतं, पण दिवसरात्र घरघरत राहतं. मोठं आपलं काम उरकून गप्प बसतं. अख्ख्या घराच्या डक्टला जोडायची महागडी यंत्रंही मिळतात. मोठं, पूर्ण सजवलेलं बेसमेंट असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. कपाटात ठेवायचे पांढऱ्या दाण्यांचे डबे कपाटापुरतेच. उदबत्ती, कापूर आणि डांबराच्या गोळ्यांनी वासावर वास चढतो, ओल तिथेच राहते.

जुनं वापरलेलं यंत्र गराज सेलमध्ये वीस डॉलरना मिळालं म्हणून हरखून जाऊ नका. 2013 मध्ये ग्री या चिनी कंपनीने बनवलेली वीस लाखांहून जास्त डीह्युमिडिफायर आगीच्या धोक्यापायी अमेरिकेत परत मागवली गेली. ती वेगवेगळ्या ओळखीच्या ब्रँडच्या नावाने विकली गेली होती, म्हणून नुसत्या नावावरून ती ओळखता येत नाहीत. 2021 आणि 2023 मध्येही अशीच लाखोंनी यंत्रं परत मागवली गेली. त्यातली काही अजून कोणाच्या तरी गराजमध्ये असणार. मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर सीपीएससी या सरकारी ग्राहक-सुरक्षा संस्थेच्या यादीत तपासा, मगच घरात आणा. एक्स्टेन्शन कॉर्ड लावायची नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. नवं यंत्र गाडीतून आडवं आणलं असेल तर उभं करून एक दिवस तसंच ठेवा आणि मग चालू करा, म्हणजे काँप्रेसरचं तेल जागेवर बसतं.

ठेवायचं कुठे? खोलीच्या मध्याकडे, भिंतीपासून फूटभर तरी लांब, आणि आतल्या खोल्यांची दारं उघडी. आई-बाबांसाठी खाली बेडरूम केली असेल आणि तिचं दार रात्रंदिवस बंद असेल, तर बाहेर हॉलमध्ये ठेवलेलं यंत्र त्या खोलीचं काही करू शकत नाही. तिथल्या बाथरूमचा पंखा आंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवायला आई-बाबांना सांगा. ते बंद करतात. वीज वाचवायची सवय आहे, तीही आपणच त्यांच्याकडून शिकलो.

बादलीवर विसंबू नका. बादली भरली की यंत्र आपोआप थांबतं, आणि दमट दिवसात ती सकाळी रिकामी केली तर संध्याकाळी भरते. पाठीमागे नळी जोडायला तोंड असतं, तिथे बागेची साधी नळी बसते. दुसरं टोक फरशीवरच्या मोरीत किंवा सम्प पंपाच्या, म्हणजे साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या, खड्ड्यात सोडायचं. नळीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार हवा. मधे एक जरी उंचवटा राहिला तरी पाणी मागे येऊन बादलीत पडतं. फरशीवर मोरी नसेल तर एक सोपी युक्ती आहे. कपडे धुवायच्या मशीनशेजारी जो खोल सिंक असतो, त्याच्या बाजूला काँक्रीटच्या ठोकळ्यांवर किंवा भक्कम फळीवर यंत्र उंच बसवा आणि नळी सिंकमध्ये सोडा. तेही जमत नसेल तर पाणी वर उचलून फेकणारा छोटा पंप मिळतो, तो लावा. तुमच्या वेळापत्रकात "रोज बादली रिकामी करणे" हे काम जूनमध्ये असतं, ऑगस्टमध्ये नसतं.

त्या पाण्याबद्दलही सांगते, कारण भारतातून आलेली आजी ते बघून हळहळतेच. इतकं स्वच्छ पाणी ओतून देता? दिसायला स्वच्छ असलं तरी ते धुळीच्या नळ्यांवरून आणि बुळबुळीत बादलीतून आलेलं असतं. प्यायचं नाही, स्वयंपाकात नाही, आणि तुळशीला नाही, कारण तिची पानं आपण तोंडात टाकतो. शोभेच्या झाडांना घालायला हरकत नाही.

यंत्र 50 वर लावा आणि पहिला आठवडा बटणाला हात लावू नका. सुरुवातीला ते थांबणारच नाही. हवा वाळवून झाली की मग भिंती, गालिचे, सोफा, पुठ्ठ्याचे खोके आपलं पाणी सोडायला लागतात, ते सगळं ओढायला वेळ लागतो. नव्या बांधणीच्या घराचं काँक्रीट तर वर्षभर पाणी सोडत असतं. आठवड्यानंतर ते चालू-बंद व्हायला लागलं की तुमचं गणित जमलं. दोन आठवडे उलटूनही अखंड चालत असेल तर फॉइलकडे आणि पन्हळीकडे परत जा. 35 वर लावून "अजून कोरडं" करायच्या मागे लागू नका. 500 वॉटचं यंत्र दिवसाचे बारा तास चाललं तर 6 युनिट होतात. 20 सेंटचा दर धरला तरी महिन्याला 36 डॉलर. चोवीस तास चालवलंत तर दुप्पट. आणि बेसमेंट 60 अंशांच्या खाली गेलं की साध्या यंत्राच्या नळ्यांवर बर्फ धरतो, मग ते पाणी ओढणं सोडून स्वतःचा बर्फ वितळवत बसतं. फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली धरायचा. याला दोन मिनिटं लागतात आणि कोणीही करत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मी कशाने झालेलं पाहिलं असेल तर ते भारताच्या वारीने. जूनच्या शेवटी शाळा सुटते, पोरांना घेऊन मंडळी पाच-सहा आठवडे पुण्याला, नाशिकला, गोव्याला जातात. निघताना शहाणपणाने सगळं बंद करतात: एसी बंद, दिवे बंद, यंत्रही बंद. काही जण यंत्र चालू ठेवतात, पण बादलीवर. पहिल्या दिवसात बादली भरते आणि उरलेले पाच आठवडे यंत्र गप्प. परत आल्यावर बेसमेंटचं दार उघडलं की चामड्याच्या बॅगांवर हिरवी लव, हार्मोनियमच्या भात्यावर ठिपके, तबल्याच्या पुड्या ढिल्या, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांना बुरशी. भारताच्या तिकिटांवर हजारो खर्च करणारा माणूस त्या दीड महिन्यात साठ-सत्तर डॉलरची वीज वाचवायला जातो, हे मला कळत नाही. जाताना यंत्र नळीवर, 50 वर चालू. वीज जाऊन परत आली की ते आपोआप सुरू होतं का, हे आधी घरीच प्लग काढून, परत लावून बघा. काही यंत्रं बटण दाबेपर्यंत बंदच राहतात. एसी पूर्ण बंद न करता 80 वर ठेवा. आणि शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा मीटरचा फोटो पाठवायला सांगा.

सामान ठेवायची रीतही बदलायला हवी. पुठ्ठ्याचे खोके फरशीवर ठेवायचे नाहीत. पुठ्ठा खालून पाणी शोषतो आणि वरून तुम्हाला काही दिसत नाही. झाकणाचे प्लास्टिकचे डबे, तेही शेल्फवर, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून. पैठण्या, जरीची वस्त्रं, आजोबांचे फोटो, पुस्तकं, तबला-पेटी खाली ठेवूच नका. वरच्या मजल्यावरचं एखादं कपाट त्यांना द्या. तांदळाची वीस पौंडांची पोती आणि वर्षाचा मसाला खाली ठेवायचा मोह होतो. ठेवायचाच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि 50 च्या आत मीटर असेल तरच. फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवून घेऊ नका. उचलून उन्हात टाकता येईल अशी सतरंजी किंवा लहान गालिचा बरा.

गणपती बहुतेक घरांत खालीच बसतो, कारण पन्नास माणसं मावतील अशी जागा तीच. भाद्रपद इथे ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, म्हणजे अजून दमट दिवस, त्यात माणसांचे श्वास, वर मोदकांची वाफ. आदल्या दोन दिवसांत यंत्र 45 वर ठेवून खोली कोरडी करून घ्या. आरतीच्या वेळी आवाज नको म्हणून कोणीतरी यंत्र बंद करतो आणि मग विसर्जनापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. बंद करणाऱ्याच्याच हातात ते परत चालू करायची जबाबदारी द्या. मखर आणि पडदे आवरताना पूर्ण वाळल्यावरच डब्यात भरा. पुढच्या वर्षी उघडल्यावर येणारा वास त्याच दिवशी भरलेला असतो.

हिवाळ्याचं थोडक्यात. घर तापवायला लागलं की हवा आपोआप कोरडी होते. नोव्हेंबर ते एप्रिल मीटर 50 च्या खाली राहिला तर यंत्र पुसून, बादली वाळवून ठेवून द्या.

आणि एक गोष्ट डीह्युमिडिफायरकडून मागू नका: पुरापासून बचाव. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळाचे अवशेष इथून गेले तेव्हा नेवार्कला एका दिवसात 8 इंचांहून जास्त पाऊस झाला आणि अनेकांची बेसमेंटं पाण्याने भरली. त्यासाठी सम्प पंप आणि वीज गेली तरी तो चालवणारी बॅटरी लागते. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. आणि सम्प पंपाचं पाणी उलटलं किंवा सांडपाणी मागे आलं तर त्यासाठी पुरवणी कलम. आजच कागद काढून बघा. पाणी शिरलंच तर ओला पुठ्ठा, गालिचा, गाद्या पहिल्या 24 ते 48 तासांत बाहेर काढा किंवा वाळवा. त्याच्या पुढे बुरशी आपला हक्क सांगते. दहा चौरस फुटांपर्यंतची बुरशी मास्क आणि हातमोजे घालून घरी साफ करता येते, त्याहून जास्त असेल तर जाणकाराला बोलवा. बेसमेंटमधला रेडॉन वायूही यंत्राने कमी होत नाही. त्याची चाचणी वेगळी, स्वस्त आहे, आणि निकाल 4 पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याच्या वर आला तर उपाय करून घ्यायलाच हवा.

मला फोन करायला अजिबात संकोच करू नका, संध्याकाळी सातनंतर कधीही. फक्त फोन करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: मीटरचा आकडा, खालच्या खोलीचं तापमान, आणि फॉइलची कुठली बाजू ओली होती. एवढं हातात असेल तर पाच मिनिटांत सांगते. नुसता वास येतोय म्हणालात तर मी आधी खिडकी बंद करून यायला सांगेन.